ओलुचीच्या आईला फ्रिजचं बोलावणं

फ्रिजचं काम काय? गार करणं. चहाड्या करणं हे काही फ्रिजचं काम नाही. हे उकामाकाचं मत, आणि लेकीच्या घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने ते जावयाला तोंडावर सांगून टाकलं. जावई उचेन्ना समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला, महिनाभर तिकडे, महिनाभर एनुगू शहरात घरी. त्याने हौसेने इंटरनेटवाला फ्रिज आणलेला. दार उघडं राहिलं की नवरा-बायको दोघांच्या फोनवर निरोप, आतली थंडी कमी झाली की निरोप, बंद पडला की निरोप.

"बाबा, दार उघडं राहिलं तर माणूस उठून लावतो," उकामाका म्हणाली. "त्यासाठी तुला समुद्रात कळवायला कशाला लागतं?"

उचेन्ना नुसता हसला. जावईमाणूस, हसण्यावाचून करतो काय!

ती आली होती ओमुग्वोला. लेक बाळंत झाली की आईने बोचकं बांधून तिच्या घरी जायचं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं, बाळंतिणीचं पोट शेकायचं, झणझणीत कालवण करून समोर बसून तिला प्यायला लावायचं. ओलुची तर तिची एकुलती एक. नवरा लवकर गेला आणि पोरीला शिकवायचं म्हणून उकामाकाने बावीस वर्षं मोटार स्टँडवर ओक्पा विकले. पहाटे कडधान्याचं पीठ घोटायचं, केळीच्या पानात बांधून वाफवायचं आणि टोपलं डोक्यावर घेऊन सुटलेल्या बसमागे "गरम ओक्पाऽऽ" करत धावायचं. गुडघे तिथेच गेले तिचे.

त्या कमाईतून तिने एकदा फ्रिज घेतला होता, जुनाच, पण चाळीतला पहिला. एका रविवारी ती चर्चला गेली असताना लाइट अशी काही जोरात आली की फ्रिज जळून काळा ठिक्कर. घरी आली तर धूर. तेव्हापासून तिचा नियम झाला: उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तर भिंतीवरचं एकूण एक बटण खाली. शेजारणीकडे मीठ मागायला निघाली तरी. ओलुचीच्या घरात छतावर सूर्याची वीज होती, लाइट कधी जात नव्हती, जोरात येत नव्हती. पण जित्याची खोड ती!

ओलुची फार्मासिस्ट. मोठी परीक्षा दोनदा हुकली होती, तिसऱ्यांदा अबुजाला जाऊन द्यायची होती. चार दिवस लागणार, उचेन्ना तेव्हा समुद्रात, आणि बाळ कामसी अवघी तीन महिन्यांची. डब्यातलं दूध दोनदा पाजून बघितलं. दोन्ही वेळा पोरीने ओकून टाकलं आणि अंगभर गांधी उठल्या. म्हणून ओलुचीने महिनाभर स्वतःचं दूध काढून छोट्या छोट्या पिशव्यांत गोठवलं. फ्रिजचा वरचा कप्पा गच्च भरला. निघताना तिने तीन वेळा बजावलं, "आई, एवढंच आहे हं कामसीला."

"मला काय कळत नाही का? तू काय हवा पिऊन मोठी झालीस?"

शनिवारी अबुजाहून फोन आला. "आई, फ्रिज पाच मिनिटं उघडा होता."

"होता. बघत बसले होते त्याच्याकडे. देखणा आहे."

"आई!"

"अगं, पिशव्या नीट रचत होते! हा पहारेकरी दुधावर ठेवलायस का माझ्यावर?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

ओलुचीने पिशव्या किती उरल्या ते विचारलं. उकामाकाला ते फार लागलं. जिला मी वाढवली तिला मी तिची पोर चार दिवस सांभाळेन याची खात्री नाही, आणि ह्या पांढऱ्या कपाटाची आहे! फोन ठेवायच्या आधी ती एवढंच म्हणाली की गुडघा सुजलाय, उद्या घरीच थांबेन, प्रार्थना रेडिओवर ऐकेन.

रविवारी सकाळी गुडघा उतरला. गल्लीतली झाडून सारी माणसं कडक इस्त्रीचे कपडे घालून निघाली, मग हिला घरात करमतंय होय? तिने डोक्याला ठेवणीतला रुमाल गुंडाळला, कामसीला पाठीशी बांधलं, दुधाची बाटली पिशवीत घातली आणि निघता निघता टीव्हीचं बटण खाली, पंख्याचं खाली, फ्रिजमागे हात घालून तेही खाली. मन चर्चमध्ये पोचलं होतं, हात आपलं काम करत होता. चर्चच्या फाटकाशी तिने फोन बंद केला. देवासमोर फोन वाजलेला तिला खपायचा नाही.

दोन तास झाले. अर्पणाची वेळ आली. बायका रांगेने नाचत पुढे चालल्या होत्या आणि गुडघ्याला विसरून उकामाका सगळ्यांत पुढे. तेवढ्यात धर्मशिक्षकांच्या हातात कुणीतरी चिठ्ठी दिली. अशा चिठ्ठ्या रोजच्याच, निळ्या गाडीने वाट अडवलीय वगैरे. त्यांनी माइकवर वाचायला सुरुवात केली. "ओलुचीच्या आईंनी ताबडतोब लेकीला फोन करावा. त्यांचा..." ते थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "त्यांचा फ्रिज बंद आहे."

अख्खं चर्च खदाखदा हसलं. मागची म्हातारी म्हणाली, "जा बाई, फ्रिज बोलावतोय तर! आमच्याला कुठली एवढी माया?"

फ्रिजमागे गेलेला स्वतःचा हात उकामाकाला डोळ्यांसमोर दिसला. दूध! अगं बाई, माझ्या हाताने मी लेकराचं दूध मारलं! नाचणाऱ्या बायकांना ढकलत ती दाराकडे सुटली. फाटकावरचा गाड्या लावणारा ओळखीचा माणूस ओरडला, "मावशी, ओलुची चारदा फोन करून दमली माझ्याकडे! आधी तिच्याशी बोला!"

"बोलते, बोलते," म्हणत ती रिक्षात चढली. पण बोलणार कोणत्या तोंडाने? फोन पिशवीत तसाच बंद राहिला. "अरे, जरा पळव की! घोड्यावर बसलायस का गाढवावर?" ती रिक्षावाल्यावर डाफरली. वाटभर देवाला म्हणत होती, एवढं एकदा वाचव, परत बटणाला हात लावणार नाही.

घरात शिरताच तिने बटण वर केलं आणि कप्पा उघडला. पहिली पिशवी दाबली. टणक. दुसरी टणक. पार तळाची उपसून बघितली, तीही दगडासारखी. गच्च भरलेला कप्पा, एकाही पिशवीला पाझर फुटला नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. कप्पा लावून तिने फोन चालू केला, तर तो हातातच वाजला.

"घट्ट आहे गं, सगळं घट्ट आहे!" ती हॅलोसुद्धा म्हणाली नाही. "बटण मीच खाली केलं, माझीच चूक, पण दूध..."

पलीकडून नुसते हुंदके.

"ओलू? अगं, दूध चांगलंय म्हणतेय ना!"

"कसलं दूध घेऊन बसलीस, आई!" ओलुची रडत ओरडली. "गुडघा सुजलाय म्हणालीस. घरीच थांबणार म्हणालीस. फोन लागेना. शेजारपाजार सगळा चर्चमध्ये. चुकून तूही तिथे असशील म्हणून फाटकावर फोन करून चिठ्ठी द्यायला लावली, तरी तुझा फोन नाही. आणि त्यात हा फ्रिज बंद. वाटलं, तारांनी पेट घेतला. वाटलं, तू पडलीस, कामसी पाठीवर... आत्ता फ्रिज चालू झालेला दिसला तेव्हा कळलं की बटण दाबायला कुणीतरी उभं आहे."

उकामाकाने कालपासून मनात धरलेला राग कुठल्या कुठे गेला.

"म्हणजे तो फोन... माझ्यासाठी होता?"

"मग कुणासाठी? दूध नासलं असतं तर परीक्षा टाकून पहिल्या बसने आले असते मी. तुला काही झालं असतं तर कुठली बस कामी आली असती?"

उकामाका फ्रिजला पाठ टेकून फरशीवरच बसली, कामसीला पुढे घेतलं आणि डोक्याच्या रुमालाने डोळे पुसले.

"जा, अभ्यास कर," ती म्हणाली. "आम्ही दोघी आहोत इथे."