तिरळ्या डोळ्याचा अनुस्वार

चिंतामणीची भुते साऱ्या देवासात ठाऊक होती. शिळाछापखान्यात दगडावर उलटी अक्षरे लिहिणे हा त्याचा धंदा. नाटक मंडळ्यांच्या जाहिरातींसाठी मात्र त्याने एक निराळे वळण घडवले होते: शिरोरेषा वाळल्या फांदीसारखी मोडलेली, वेलांटी हडळीच्या केसांसारखी सुटलेली, आणि अनुस्वाराच्या जागी एक तिरळा डोळा. तो डोळा त्याच्या बायकोचा, उमाबाईचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिने नवऱ्याला वेडावून दाखवले होते. ते त्याने तसेच दगडावर उतरवले. जाहिरातीपुढे पोरे घाबरल्याचे सोंग करीत आणि मोठी माणसे हसत.

१९०४च्या हिवाळ्यात गावात प्लेगचे उंदीर मरून पडू लागले. आळीतली निम्मी बिऱ्हाडे माळावर झोपड्या घालून राहिली. चिंतामणीने परोपरीने विनवले, पण उमाबाई घर सोडीना. उघड्या माळावर देव कुठे मांडायचे, सोवळे कसे सांभाळायचे, हा तिचा प्रश्न. अखेर तिने एवढेच कबूल केले की, सरकारचा हुकूम भिंतीला लागला तर त्याच दिवशी निघेन.

घरे सोडण्याचा हुकूम निघालाही. प्लेगच्या बंदोबस्तावरील अंमलदार जगदेवराव स्वतः छापखान्यात आले. आधीच्या बारीक अक्षरांतल्या सूचना कोणी वाचल्या नव्हत्या, म्हणून हा कागद त्यांना भुतांच्या अक्षरांत हवा होता.

चिंतामणी म्हणाला, "रावसाहेब, या अक्षरांना लोक भीत नाहीत. हसतात."

"हसायला तरी थांबतील ना? लिहा."

त्याने लिहिले. हुकूम चावडीवर लागताच गर्दी लोटली. एकाने मागून विचारले, "भिया, यो खेल कद वेगा?" ज्यांना वाचता येत नव्हते ते खेळाचा दिवस विचारून परतले, ज्यांना येत होते त्यांनाही ती नाटकवाल्यांचीच थट्टा वाटली.

एक प्रत घेऊन चिंतामणी घरी गेला. उमाबाईने कागद उजेडात धरला आणि ती खुदकन हसली.

"हा सरकारचा हुकूम? अहो, हा तर माझाच डोळा."

"खाली शिक्का बघ, उमा."

"नाटकातल्या राजाचे शिक्केही तुम्हीच काढता. मला बाहेर काढायला एवढा खटाटोप केलात होय?"

त्याने देवाची शपथ घेतली. कागद घडी करून तिने फडताळात ठेवला आणि ती चुलीकडे वळली.

त्याच आठवड्यात कोठीत उंदीर मेलेला सापडला. मग तिला ताप भरला, काखेत गाठ आली. तिला झोपडीत हलवले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती; माळावरून ती परतली नाही.

जगदेवरावांनी दुसरा हुकूम साध्या, सरळ अक्षरांत लिहवून घेतला. तो वाचायला कोणीही थांबले नाही.

पुढल्या वर्षी नाटक मंडळी आली. पोटासाठी चिंतामणी पुन्हा भुते लिहायला बसला. मोडकी शिरोरेषा, सुटलेले केस, सारे जसेच्या तसे उतरले. पहिला छाप पाहून मंडळीचे व्यवस्थापक म्हणाले, "चिंतामणराव, अनुस्वारांचे डोळे काढायचे विसरलात."

"विसरलो नाही," तो म्हणाला आणि त्याने दुसरा कागद दगडावर अंथरला.