माघारी बघणारी साळूबाई

अंबिका,

तुझ्यावर लिहायचं म्हणजे तुला ठाऊक असलेलंच तुला सांगायचं. चालवून घे, वाचणाऱ्यांना ते ठाऊक नाही.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात तू पुंडलिकनगरात माझ्या वरच्या खोलीत राहायला आलीस. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, आणि तरी गल्लीत तीन नव्या इमारती उभ्या राहत होत्या. तू खुलताबादकडची, मेंढपाळाच्या घरातली. गारखेड्यातल्या एका छोट्या कंपनीत महिनाभराच्या बोलीवर लागलेली. काम काय, विचारलं तर म्हणालीस, "कार्टून चालवते." मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, असली मोघम उत्तरं मला खपत नाहीत. मग तू लॅपटॉप उघडून दाखवलंस. एका सॉफ्टवेअरमध्ये बाहुलीत हाडं घालायची, तिला चालायला शिकवायचं, आणि हाडांसकट उचलून गेमच्या इंजिनात, म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, न्यायचं. तिथं ती खेळणाऱ्याच्या बोटावर चालते.

तुझी बाहुली म्हणजे तुझी आजी, साळूबाई. खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

दुपारी बाहेर ऊन पांढरं झालेलं असायचं. तुझ्या स्क्रीनवर करडी, काहीच नसलेली जमीन; ना धूळ, ना झाड. तिच्यावरून एक म्हातारी संथ चालत यायची. मला डुलकी लागायची, डोळे उघडावेत तर ती चालतेच आहे. उन्हात तरंगल्यासारखी. कुठं निघाली होती कोण जाणे. मला उगाच वाटायचं, ही पोचेल तिथं पाणी असेल.

पण इंजिनात नेली की बिघडायची. चालण्याचा एक छोटा, चार पावलांचा तुकडा इंजिन पुन्हा पुन्हा फिरवतं, आणि तू त्या चार पावलांतच मान वळवून मागं बघणं घातलं होतंस. त्यामुळं दर चार पावलांनी साळूबाई माघारी बघायची. तुझे साहेब, रामेश्वर सर, फोनवर ओरडले ते मलाही ऐकू आलं. "म्हातारीची मान मोडली का काय? काढून टाक ते! सोमवारी नीट चालली नाय तर तू जा परत मेंढ्या राखायला!"

"काढ मग," मी म्हटलं.

"नाय काढणार."

"नोकरी जाईल, अंबिका."

"जाऊ द्या. मॅडम, आमच्यात पुढं आजी, मागं मेंढ्या. माघारी बघितल्याबिगर कुणी चालतच नाय. नुसती चालली तर ती बाजाराला निघालेली बाई व्हईल. माझी आजी नाय."

मला राग आला, आणि पटलंही. "ती काय पावलं मोजून बघते?"

"छे. मेंढ्या मागं राहिल्या की बघती."

"मग मान पावलांना कशाला बांधलीस? मेंढ्यांना बांध की!"

तू लॅपटॉप पुढं ओढलास. "मॅडम, तुम्ही लई उशिरा बोलता."

चालणं वेगळं, मान वळवणं वेगळं, असे दोन तुकडे तू इंजिनात नेलेस. कळप ठरावीक अंतर मागं पडला की इंजिनानंच मान वळवायची, असा नियम लिहिलास. रविवारी दुपारी त्या करड्या जमिनीवर साळूबाई निघाली, मागं गेममधल्याच सात मेंढ्या. बराच वेळ नुसती चालली. मग एक कोकरू रेंगाळलं. ती थांबली नाही. फक्त मान वळली. आणि मला, पासष्टीच्या बाईला, कुणी आपल्यासाठीच वळून बघितल्यासारखं वाटलं.

सोमवारी रामेश्वर सरांनी ते तीनदा बघितलं म्हणे. "राहू दे हिला," म्हणाले. तूही राहिलीस.

त्या संध्याकाळी तू म्हणालीस, "आजी कोणत्या खांद्यावरून बघती ते आठवंना. मी डावा धरलाय. फोनवर विचारलं तर म्हणती, मी काय मला बघती व्हय? तुम्ही चला मॅडम खुलताबादला. जनावरांची चाल शिकवलीय तुम्ही."

"आजीला सांगू का, तू तिला जनावरांत धरलंस ते?"

"नका सांगू. काठी हाणंल."

येत्या रविवारी जाऊ, मी म्हटलं. त्या रविवारी नेमका नळ यायचा होता, मी पाणी भरत बसले. पुढच्या रविवारी तुझं काम निघालं. पाऊस लांबला तशी आजी मेंढ्या घेऊन गोदावरीकडं उतरली, आणि वर्षभरात तू पुण्याला गेलीस. खुलताबादला आपण काही गेलो नाही. डावा की उजवा, ते बघायचं राहूनच गेलं.