पदर आधी, साडी मागून

आमच्या फिल्ममध्ये साडीचा पदर अजून सुरू व्हायचा होता, आणि मागावर तो विणून पूर्ण झालेला होता.

सोमवारची सकाळ, साडेआठ वाजलेले. इतवारी बाजाराच्या पलीकडे विणकरांच्या वस्तीत, नामदेवकाकांच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही चौघे उभे होतो आणि त्या किरमिजी पदराकडे बघत होतो. पदर फार सुंदर होता. मला तो फाडून टाकावासा वाटत होता.

आनंद आमचा डायरेक्टर. धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातला, शुद्ध बोलणारा, गळ्यात स्कार्फ. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "पुष्पा, वही तुझ्याकडे होती ना?"

होती. म्हणून हे सांगते आहे.

ही गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. कॉलेजच्या फिल्म सोसायटीला ती चालवणाऱ्या सरांनी मुंबईच्या एका मित्राचा सोळा एमएमचा कॅमेरा तीन दिवसांसाठी मिळवून दिला होता. चावीचा कॅमेरा. घड्याळाला देतात तशी चावी द्यायची, की तो जेमतेम अर्धा मिनिट चालतो. फिल्मची चार रिळं मिळाली होती. चारही मिळून अकरा मिनिटं, आणि त्यातून सहा मिनिटांची फिल्म करायची होती. म्हणजे चुकायला फारशी जागा नव्हती. सोमवारी संध्याकाळच्या गाडीने कॅमेरा परत जाणार होता.

विषय साधा होता, एक साडी. पहिल्या धाग्यापासून मागावरून कापून काढेपर्यंत. आमचा वर्गमित्र वसंता नामदेवकाकांचा मुलगा, म्हणून त्याचंच घर घेतलं. फिल्म ब्लॅक अँड व्हाइट. तीत लाल आणि हिरवं दोन्ही सारखंच करडं दिसतं, म्हणून मुद्दाम मोतिया रंगाची साडी आणि गडद किरमिजी पदर ठरवला होता. फिकट कापडात गडद रंगाची पहिली रेघ शिरते, तो आमच्या फिल्मचा मधला आणि सगळ्यात महत्त्वाचा शॉट. त्याच्याशिवाय उरलेलं सगळं म्हणजे नुसती खटखट.

माझ्याकडे कन्टिन्युइटी होती. फिल्म सरळ ओळीने काढत नाहीत. उजेड, माणसं, सोय बघून मागचं पुढे, पुढचं मागे काढतात आणि नंतर जोडतात. जोडताना एका शॉटमध्ये बाहीचं बटण लागलेलं आणि पुढच्यात उघडं असं दिसू नये, म्हणून एकजण वहीत सगळं टिपून ठेवतो. शनिवारी मी टिपलं होतं. काकांची टोपी किती तिरपी, खिडकीचं दार किती उघडं, पाण्याचा लोटा कुठल्या बाजूला, सगळं होतं. कापड किती विणून झालं, एवढंच नव्हतं. लोटा ठेवला तिथेच राहतो आणि कापड रोज वाढतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी आम्ही इतवारीत सुताच्या दुकानांचे आणि हातगाड्यांचे शॉट घेत हिंडलो. त्या दिवशी माग थांबवायला काकांना कोणीच सांगितलं नाही. आनंदला वाटलं मी सांगितलं, मला वाटलं वसंता सांगेल. घरचाच तर आहे.

"वसंता, तू तरी सांगायचं ना बाबांना," आनंद म्हणाला.

वसंता भडकला. "मी काय सांगू गा? माग बंद ठेवा म्हनू? अमावस्या सोडली तं आमचा माग थांबत नाही. तुले मालूम नव्हतं तं विचारायचं होतं."

कॅमेऱ्याचं काम बबनकडे होतं. तो कमी बोलायचा. तो खिडकीपाशी जाऊन उजेड बघत होता. त्या खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यातून मागावर ऊन यायचं ते दहा ते बारा. आमच्याकडे दिवे नव्हते.

मी वही चाळत होते. माझं यात काय अडकलं होतं ते सांगते. सरांनी कबूल केलं होतं, की फिल्म पुरी झाली तर मुंबईच्या एका एडिटरकडे शिकाऊ म्हणून घ्यावं असं पत्र ते मला लिहून देतील. घरी वडिलांनी बी.एड.चा फॉर्म आणून टेबलावर ठेवला होता, वर पेनसुद्धा. फिल्म अर्धवट राहिली तर तो फॉर्म भरायचा, असं ठरलेलं होतं. आणि फिल्म अर्धवट राहत होती ती माझ्या वहीमुळे.

आनंद काकांकडे वळला. "काका, हा पदर थोडासा उसवता येईल का?"

नामदेवकाका खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. त्यांनी धोटा खाली ठेवला. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा.

"इनलेलं उसवत नसते, बाबू," ते म्हणाले. "दुसरं काही सांग."

दुसरं काही कोणाकडेच नव्हतं. आनंद आणि वसंता पुन्हा सुरू झाले. कोणी काय करायला हवं होतं, याची यादी दोघांकडेही तयार होती. मला रडू येत होतं आणि रडले तर 'मुलगी आहे, रडणारच' असं झालं असतं, म्हणून मी बबनला विचारलं, "क्लोजअपमध्ये कापड किती दिसतं?"

त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि बोटं दाखवली. "चार बोटं. फार तर पाच."

"म्हणजे चार बोटं फिकट कापड आणि त्याला लागून पदराची सुरुवात. एवढंच पाहिजे? अख्खी साडी नको?"

"नको."

मी काकांकडे वळले. काका आधीच हसत होते. आठवडाभर आमचं येणं-जाणं चालू होतं. आम्ही शेवट आधी काढतो, सुरुवात मग काढतो, हे त्यांनी शनिवारी पाहिलं होतं.

"हे साडी कापून घेतो," ते म्हणाले. "याच तान्यावर पुढची साडी लागते. चार बोटं पांढरं इनतो, अन् लगेच पदर लावतो. पदर आधी, साडी मागून. पट्ट्याचा पदर हाये, त्याले काय उलटं अन् काय सुलटं? तुमी सिनेमा उलटा काढून राहिले, मी साडी उलटी इनतो."

"चालेल तसं?" आनंदने विचारलं.

"नेसनारीले काय समजते गा, कोन्या टोकानं सुरू केली ते? पन आता भांडून नका राहू. उजेड कोनासाठी थांबत नाही." मग आत तोंड करून हाक मारली, "अवं वसंताची माय, किरमिजी कांड्या हायेत का?"

कांडी म्हणजे धोट्याच्या पोटात बसते ती सुताची गुंडाळी. ती संपली की माग थांबतो. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "किरमिजी काल सरल्या. पांढऱ्या भरून ठेवल्या. मले काय मालूम पुन्हा पदर येते म्हणून?"

"किती लागतील?"

"धा तरी." त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "लडी धरा कोनी तरी."

काकू चरख्यावर बसल्या. सुताची लडी दोन्ही हातांवर ताणून कोणीतरी समोर बसायला हवं होतं. वसंताला बापाबरोबर ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, बांधायचा होता, बबनला रीळ भरायचं होतं, मला वही. मोकळा होता तो फक्त डायरेक्टर. आनंद मांडी घालून बसला, हात पुढे केले. दोन मिनिटांत गुंता केला.

"हात उचलू नको, बाबू," काकू म्हणाल्या. "धागा जिकडे जाते तिकडे हात जाऊ दे." त्याने स्कार्फ काढून ठेवला. पुढचा तासभर आमचा डायरेक्टर लडीचा खुंटा होऊन बसला होता, आणि आठवडाभरात पहिल्यांदा तो कोणालाही काही सांगत नव्हता.

दहाला ऊन मागावर आलं. आधी शेवट घेतला. काकांनी कात्री लावली, साडी मोकळी झाली. मग ताणा पुन्हा दांड्याला बांधायचा. अर्धा तास धरला होता, पाऊण लागला. मी वहीत प्रत्येक गोष्ट लिहीत होते, कापडाची बोटंसुद्धा. चार बोटं विणून झाली तेव्हा साडेअकरा झाले होते.

"चावी," मी म्हटलं. बबनने चावी दिली.

काकांनी धोट्यात किरमिजी कांडी घातली. धोटा गेला. फिकट कापडाच्या कडेला एक गडद रेघ उमटली. मग दुसरी, तिसरी. अर्धं मिनिट चावी चालली. कॅमेरा थांबला तेव्हा बबन म्हणाला, "आली." त्याचं एवढं लांब भाषण मी पुन्हा ऐकलं नाही.

बाराला दहा कमी असताना सगळे शॉट झाले होते आणि रिळात एका चावीपुरती फिल्म उरली होती. "टीमचा शॉट घेऊ," आनंद म्हणाला. बबनने कॅमेरा तिपाईवर ठेवला, बटण अडकवून पळत आला. आम्ही चौघे आणि मध्ये काका, मागाजवळ उभे राहून हसलो. मीही हसले. काकू आत आमच्यासाठी पिठलं टाकत होत्या.

महिन्याभराने फिल्म धुऊन आली. मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून ती जोडली. सभागृहात खेळ झाला, काका-काकू पहिल्या रांगेत. सहा मिनिटं झाली, टाळ्या झाल्या, शेवटी आम्ही पाचजण पडद्यावर हसलो. खाली सगळ्यांची नावं आली.

आनंदने काकांना विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली हाये," काका म्हणाले. "पन या साडीले कांड्या कोनं भरल्या?"

काकूच म्हणाल्या, "राहू द्या ना. मी तं घरचीच हाये."

मला लाज वाटली. पहिल्या धाग्यापासून साडीची फिल्म केली, आणि जिच्या हातामुळे तो माग चालतो ती एकाही फ्रेममध्ये नव्हती. माझ्या वहीत लोटा होता. काकू नव्हत्या.

सर खुशीत होते. "पुष्पा, उद्या ये. पत्र तयार ठेवतो."

"सर, फिल्म अजून पुरी नाही झाली," मी म्हटलं. "तीन सेकंद बाकी आहेत."

कॅमेरा तर गेलेला. पण कोरी काळी फिल्म हातभर उरली होती. तिच्यावर सुईने कोरलं तर पडद्यावर पांढरं दिसतं. तीन सेकंदांच्या बहात्तर फ्रेम होतात. एक फ्रेम करंगळीच्या नखाएवढी. कोरायचं रसायनाच्या थराच्या बाजूने, म्हणजे अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढायची. सगळं जमणार होतं. अडलं एकाच गोष्टीवर. त्यांचं नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही काकू म्हणायचो, काका 'वसंताची माय' म्हणायचे. वसंताला विचारावं लागलं.

गिरजाबाई. बहात्तर वेळा, उलटं. भिंग आणि सुई घेऊन पाच दिवस. तिसऱ्या दिवशी आनंद येऊन बसला आणि न सांगता फिल्मची पट्टी धरून ठेवायला लागला. धरायचं कसं, ते तो आता शिकला होता.

"नुसतं नाव? काम नाही लिहायचं?" त्याने विचारलं.

"जागा नाही," मी म्हटलं.

कॉलेजचा प्रोजेक्टर हातगाडीवर घालून आम्ही त्यांच्या घरी नेला. दिवेलागणीला पुढच्या खोलीच्या भिंतीवर खेळ लावला. शेवटी काळोख झाला आणि नाव आलं. हाताने कोरलेलं प्रत्येक अक्षर दर फ्रेमला जरा सरकलेलं, त्यामुळे नाव भिंतीवर थरथरत होतं.

"काय लिहलं हाये?" काकूंनी विचारलं.

"तुयं नाव हाये, माय," वसंता म्हणाला.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा नीट पाहिलं. मग मला विचारलं, "हे हालून काहून राहिलं वं?"

"हातानं कोरलं ना काकू, म्हणून."

"हं," त्या म्हणाल्या. "माह्या कांड्या अशा हालल्या असत्या, तं धागा तुटला असता."

सरांनी पत्र दिलं. बी.एड.चा फॉर्म कोराच राहिला. मी पुढे बत्तीस वर्षं एडिटिंग केलं, आणि कामाची एक सवय शेवटपर्यंत ठेवली. शूटिंग सुरू व्हायच्या आधीच मी टायटलच्या नावांची यादी मागायचे. डायरेक्टर चिडायचे. म्हणायचे, इतक्यात कशाला, अजून काही झालंच नाही. मी म्हणायचे, म्हणूनच. आता विचारलं तर कागदावर लिहून भागतं, नंतर आठवलं तर सुईने कोरावं लागतं.