कोपराचं माप

“वैनी, कोपर दावा.”

कुठल्याही घरात गेला की आमच्या मिस्त्रीचं पहिलं वाक्य हे. पाणी नको, चहा नको, नकाशा तर नकोच. घरमालक सोफ्यावर नकाशा पसरून बसलेला असायचा आणि हा गृहस्थ त्याला वळसा घालून सरळ स्वयंपाकघरात. कानावरची पेन्सिल काढायची, घरातल्या बाईला भिंतीला खेटून उभं करायचं आणि म्हणायचं, “फुडं परात हाय आसं समजा. थापा भाकरी.” बाई लाजायची, नवऱ्याकडं बघायची, मग हवेतच दोन-चार थापा मारायची. हात जरा सैल सुटला की मिस्त्री वाकून तिच्या कोपराशी भिंतीवर रेघ ओढायचा. तिच्याखाली चार बोटं मोजून दुसरी रेघ. त्या दुसऱ्या रेघेवर ओटा. झालं डिझाइन.

माझं उंब्रजला हायवेवर फरशीचं दुकान आहे. टाइल, ग्रॅनाइट, सिंक, हल्ली ट्रॉल्यासुद्धा ठेवतो. मी गिऱ्हाइकाला मिस्त्रीचा नंबर द्यायचा आणि मिस्त्रीनं गिऱ्हाईक माझ्याकडं पाठवायचं, असं आमचं ठरलेलं. पण पाठवताना तो त्यांच्या कानात काय सांगायचा देव जाणे. पांढरीशुभ्र टाइल घ्यायला आलेली बाई काउंटरवर हात ठेवून विचारायची, “हळदीचा डाग जातो का हो?” आता जातो का? नाही जात. हे मला माहीत आहे, कंपनीला माहीत आहे, पण बाईला कशाला सांगायचं? ती मग करड्या रंगाची साधी टाइल घेऊन जायची आणि मी मनातल्या मनात मिस्त्रीच्या सात पिढ्या उद्धरायचो.

तुम्ही आमच्या भागात कधी आलात तर एक गोष्ट बघून ठेवा. पुढं बंगला, बंगल्यात मॉड्युलर किचन, वर चिमणी, खाली आवाज न करता मिटणारे ड्रॉवर. आणि मागं पत्र्याचं शेड. खरा स्वयंपाक त्या शेडात, चुलीवर. पुढच्या किचनात चहा होतो आणि पाहुण्यांना फिरवून दाखवणं होतं. मटण मागं, भाकरी मागं, चटणीचं भाजणं मागं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, बांधताना कबूल कुणी करत नाही. मी तर मुळीच करत नाही, मला ट्रॉल्या विकायच्या असतात.

एका रिटायर सुभेदारांनी मिस्त्रीला मोबाइलवर फोटो दाखवला. खोलीच्या मधोमध ओटा, चारी बाजूंनी मोकळा, वर तीन दिवे टांगलेले. “ऐसाच पाहिजे. एकदम टिपटॉप.”

मिस्त्रीनं फोटो बोटांनी मोठा केला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला. “सायेब, ह्यात मिसळनाचा, हळद-तिखटाचा डबा कुटं हाय?”

“असेल की आत, कपाटात.”

“आनी मटान कुटं शिजनार?”

सुभेदार फोटोत भांडं शोधायला लागले. आतून त्यांच्या मंडळींचा आवाज आला, “मागं शेडात.”

“मग आदी शेड बांदू,” मिस्त्री म्हणाला. “तितं वटा घालू, उजेड करू, धुराला वाट करू. मग बघू ह्यो टिपटॉप.”

सुभेदारांचं शेड आज त्यांच्या बंगल्यापेक्षा झकास आहे. दिवसभर ते स्वतःही तिथंच खुर्ची टाकून बसतात. टांगायचे तीन दिवे माझ्या दुकानात धूळ खात आहेत.

घरमालक जास्तच आडवा लागला की मिस्त्रीचं ठरलेलं उत्तर असायचं, “वटा रांधनाऱ्याचा.” ह्यापुढं तो वाद घालायचा नाही. तंबाखू मळायचा.

माझ्या घरी मात्र मी त्याला हरवलं. ओट्याच्या मापाला मी बायकोऐवजी आईला पुढं केलं. घरातली मोठी बाई, पहिला मान तिचा. आई नवी साडी नेसून, केस विंचरून माप द्यायला आली, हळदीकुंकवाला निघाल्यासारखी. मिस्त्रीनं हळूच विचारलं, “शेठ, रांधतंय कोन?” मी म्हणालो, “आईचं माप घ्या.” आईसमोर बायकोचं कोपर मोजायचं म्हणजे घरात वर्षभर अबोला. त्यानं आईकडं बघितलं, तिच्यापेक्षा वीतभर उंच असलेल्या माझ्या बायकोकडं बघितलं आणि मुकाट रेघ ओढली. मागच्या भिंतीची टाइल मात्र त्यानं ओट्यापासून चार-सहा बोटं वर सुरू केली. मी टाइलवाला, माझ्याच घरात असा उघडा पट्टा? मी भांडलो. तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे.”

ओटा झाला आणि आई जी टीव्हीसमोर बसली ती बसलीच. सुनेचं राज्य आलं म्हणाली. बायको नऊ वर्षं त्या ओट्यावर वाकून राबली. पाठीला पट्टा आला. शेवटी मी आईला म्हणालो, तुझ्या मापामुळं हे झालं. आई म्हणाली, “मला कशाला मोजलंस रे मेल्या, मी कधी रांधत होते?”

मिस्त्रीला बोलावलं. त्यानं छिन्नीला हातसुद्धा लावला नाही. ग्रॅनाइटच्या दोन्ही कडांना हात घातला, मला दुसऱ्या बाजूला धरायला लावलं आणि उचललं. खाली सिमेंट नव्हतंच, नुसती वाळू. विटांचा एक थर चढवला, ग्रॅनाइट परत ठेवलं, ते टाइलच्या कडेला जाऊन नेमकं भिडलं. दुपारच्या जेवणाला बायको ताठ उभी होती.

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“ठावं हुतं तुमी बोलवनार,” तो म्हणाला. “नऊ वरसं लावाल आसं वाटलं न्हवतं.”

आता ह्या शहाण्या माणसाच्या घरची गोष्ट ऐका. पंचक्रोशीतल्या बायकांना त्यानं उभं केलं आणि त्याची स्वतःची बायको जमिनीवर बसून स्वयंपाक करत होती. खाली शेगडी, खाली परात, खाली पाट. दोघं मूळची म्हसवडकडची, मेंढरांमागं हिंडलेली. गवंडीकाम शिकून तो इकडं आला, गावाच्या कडेला दोन खोल्या घेतल्या आणि तीस वर्षं तो परत जायच्या बेतात होता. बांधायचं ते म्हसवडला. सिद्धनाथाच्या यात्रेला जाऊन आला की महिनाभर त्याच्या बोलण्यात तिकडचं घर असायचं, त्याचं जोतं, त्याची खिडकी, तिच्यातून दिसणारा माळ. घर मात्र ना तिकडं झालं ना इकडं.

त्याच्या बायकोचे, म्हणजे आमच्या काकींचे गुडघे गेले होते. भाकरी भाजून उठताना त्या आधी एक हात भिंतीला लावायच्या, मग दुसरा, मग गुडघ्यावर जोर देऊन थांबायच्या. मी बघितलंय ते. मला मिस्त्रीचा खरंच राग यायचा. एकदा दुकानात गिऱ्हाइकासमोर मी त्याला झापलं. “लोकांच्या बायकांची कोपरं मोजत फिरता, आणि घरात? चार विटा आणि एक दगड लागतो. दगड मी देतो.”

तो तंबाखू मळायला लागला. “हितं वटा घातला म्हंजे हितलंच झालो की, शेठ.”

“मग तिकडं जा.”

“बघू.”

काकींना विचारलं तर त्या त्याच्याच बाजूच्या. “मला खाली बसायची सवय हाय. हुब्यानं भाकरी गोल व्हत न्हाई.” दोघांनी मिळून अशी मोट बांधल्यावर तिसऱ्यानं काय बोलायचं? मी नाद सोडला.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत काकी भाकरीला बसल्या त्या उठल्याच नाहीत. शेजारच्या दोघींनी धरून उठवलं. डॉक्टरनं सांगितलं, खाली बसायचं नाही आणि फार उभंही राहायचं नाही. घरात प्लॅस्टिकची खुर्ची आली.

त्याच आठवड्यात मिस्त्री दुकानात आला. “ग्रॅनाइट पायजे. तीन फूट.”

“कुणाकडं?”

“घरी.”

मला इतका आनंद झाला की मी उठून त्याच्या पाठीत धपाटा घातला. “काकींचं कोपर मोजलं का?”

तो माझ्या दुकानाच्या भिंतीला खेटून उभा राहिला. दोन्ही हात पुढं केले आणि ते सिमेंटनं खरखरीत झालेले पंजे हवेत भाकरी थापू लागले. “रेघ वडा, शेठ. ती आता हुबी ऱ्हात न्हाई. रांधनार मी.” मी पेन्सिल घेतली. रेघ ओढून होईपर्यंत तो माझ्याकडं बघत नव्हता. मग म्हणाला, “लय उशीर केला म्या.” मी नेहमी काहीतरी टोचून बोलतो. त्या दिवशी मी दगड कापायला घेतला.

पुढं पंधरा दिवसांनी एका सकाळी मी ओटा बघायला गेलो. ओटा त्याच्या मापाचा, चांगला उंच. पण खालच्या विटांना गिलावा नव्हता. “दुसऱ्याच्या घरी आरशासारखा गिलावा करता आणि इथं?” मी म्हणालो. “बघू,” तो म्हणाला. म्हटलं, सुधारणार नाही हा माणूस.

काकी ओट्याशेजारी खुर्चीत बसून कारभार बघत होत्या. “आवं, पीठ सैल झालंय. आसं न्हवं, आसं थापा.” आणि त्या बसल्या जागी हवेत थापून दाखवायच्या. पीठ परातीत वाळत चाललेलं आणि हा बाबा त्यांच्या हाताकडं टक लावून उभा.

“परत दाव. कळंना.”

“आवं, वटा व्हायच्या आदीपासनं रोज दावते. मेंढरांमागं हुतो तवा भाकरी कोन भाजत हुतं? मी आजारी पडले की तुमीच की.”

“इसरलो. परत दाव.”

त्यांनी परत दाखवलं. घरातसुद्धा त्याच्या कानावर पेन्सिल होती. “भाकरीवर रेघ ओढणार का काय?” असं मी विचारलं आणि तिघंही हसलो. भाकरी एका बाजूनं करपली ती मला वाढली.

दोन वर्षं त्यानं असं रांधलं. कामावर यायच्या आधी भाकरी, आमटी, काकींचं आंघोळीचं पाणी. कामावर उशिरा यायचा आणि बिनदिक्कत सांगायचा, “भाकऱ्या व्हायच्या हुत्या.” बाकीचे गवंडी हसायचे. तो त्यांना म्हणायचा, “तुमच्या बी घरी यील पाळी.”

ह्या माघात मिस्त्री गेला. सकाळी भाकऱ्या करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या, जरा बसतो म्हणाला, आणि बसल्या जागी गेला.

दिवसकार्य झाल्यावर म्हसवडहून दीर काकींना न्यायला आले होते. सगळ्यांना वाटलं, जातील. त्यांना तरी इथं कोण? आठवड्यानं काकींचाच मला फोन आला.

“शेठ, मी काय जात न्हाई. हितं माजा वटा हाय. पन त्यो उच पडतोय. शेजारनीची भाकरी किती दिस खाऊ? दगूड जरा खाली घेता यील का? खुर्चीवर बसून थापीन.”

मी छिन्नी, हातोडा आणि सिमेंटचं पोतं गाडीत टाकलं. बायकोही निघाली. तोडफोड होणार, धूळ उडणार, म्हणून तिनं काकींची भांडी आतल्या खोलीत नेली. मी ग्रॅनाइटच्या कडेखाली छिन्नी सरकवली आणि ती आतच गेली. खाली वाळू होती.

मी बायकोकडं बघितलं. तिनं दुसरी बाजू धरली. आम्ही दगड उचलून भिंतीला टेकवला. सगळ्यात वरच्या थरातली वीट हातानं हलवली, ती सुटी आली. शेजारची आली. सगळा थर नुसता रचलेला. खालचा थर, तोही. तिसराही. चौथ्या थराला हात घातला तर वीट हलेना. तिथून खाली पक्कं सिमेंट होतं.

आम्ही त्या चौथ्या थरावर दगड ठेवला. काकी खुर्ची सरकवत पुढं आल्या. बायको म्हणाली, “काकी, भाकरी थापा बघू.” त्यांनी हात पुढं केले. दगडापासून त्यांच्या कोपरापर्यंत मी बोटं लावून बघितली. चार भरली.

आधी ओट्याखाली पिठाच्या डब्यामागं झाकलेली भिंत आता दगडाच्या वर उघडी पडली होती. बायकोनं तिच्यावरचं पीठ पुसलं तर पेन्सिलीच्या दोन रेघा निघाल्या. खालची रेघ दगडाशी जुळलेली. वरची कुठं होती ते मोजायची गरज नव्हती.

काकी खुर्चीतून वाकून त्या रेघांकडं बघत राहिल्या. “ह्येनी मला कवा मोजलं? मी तर कवा कोपर दावलं न्हाई.”

मी त्यांना ती “परत दाव, कळंना” ची सकाळ सांगितली. कानावरची पेन्सिलही सांगितली. 

काकींनी ओट्यावरची वाळू हातानं पुसली. मग बायकोकडं परात मागितली.

“म्हंजे भाकरी येत हुती त्यास्नी,” त्या म्हणाल्या. “आनी मी रोज वरडत हुते.”