माशीचं पोट आणि शिंकेची झाकणं

आमच्या शेडमधले किस्से पिसांसारखे आहेत राव. रोज झाडून काढा, दुसऱ्या दिवशी बनियनमध्ये सापडतातच!

चाकणजवळ पाच माणसांचं आमचं युनिट. कोंबडी-बदकाची पिसं धुवायची, रंगवायची, त्यांची लव काढून पिंजायची. परदेशात हौशी लोक गळाला खोटी माशी बांधून मासे पकडतात. त्या माशीचं पोट आमच्या लवेचं.

*

शेडला पंखा आहे, पाती नाहीत. एकदा वायरमन आला. "चालतो का बघतो," म्हणत त्यानं बटण दाबलं. तीन दिवस खपून रंगवार लावलेले ढीग छताला! आमचे मालक विजयदादा स्टुलावर चढले, ते पाती काढूनच उतरले. मे महिन्यात आम्ही घाम पुसत नुसत्या दांड्याकडं बघतो.

*

शोभाताई दापोडीची. आधीच्या कंपनीनं कमी केलं, म्हणून इकडं आली. तिच्या मुलीला बघायला पाहुणे आले. चाकण ऐकून मुलाच्या बापानं विचारलं, "गाडीचा कुठला पार्ट बनवता?"

"गाडीचा नाय हो. माशीचं पोट!"

पाहुण्यानं पोहे चमच्यानं उकरून बघितले.

*

आमच्याकडं शिंकेचा नियम आहे. शिंक येतेय वाटलं की हात वर करून "शिंक!" ओरडायचं. सगळ्यांनी आपापल्या ढिगावर स्टीलचं झाकण ठेवायचं. दुसरी शिंक येऊन गेल्याशिवाय उचलायचं नाही.

दादांच्या पुतण्याच्या लग्नात, पंगतीत माझं नाक हुळहुळलं. सवयीनं ओरडलो, "शिंक!" आम्ही चौघांनी झटकन ताटावर हात आडवे धरले. वाढप्याला वाटलं, पुरे म्हणतायत. जिलबी पुढं गेली!

*

मग मोठ्या ऑर्डरसाठी परदेशी साहेब माल बघायला आले. ऑर्डर हुकली तर शेड बंद, हे दादांनी आधीच सांगितलेलं. "पन्नाशीत मला कोण ठेवून घेतंय आता?" शोभाताई म्हणाली.

साहेब नेमके तिच्याच ढिगावर वाकले. नाक फुगलं. त्यांना नियम कुठं माहीत! ताईनं पुढं होऊन त्यांचं नाकच चिमटीत धरलं.

शिंक जिरली. साहेब लालबुंद. दादा गाडीपर्यंत मागं धावत, हातवारे करून नियम समजावत राहिले. ताई दिवसभर रडली.

*

आठ दिवसांनी व्हिडिओ कॉल. दादांनी लॅपटॉप मधल्या टेबलावर ठेवला. आम्ही आपापल्या ढिगामागं, श्वास रोखून.

"युवर ऑर्डर इज..." साहेब थांबले. नाक फुगलं. हात वर गेला.

"शिंक!"

इकडं चाकणला पाच झाकणं धाडधाड पडली.

साहेब शिंकले, नाक पुसलं, हसले. "कन्फर्म्ड!"

दादा झाकण टाकून नाचायलाच लागले. शोभाताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण झाकण दोन्ही हातांनी गच्च दाबलेलं.

"दादा, नाचताय काय!" ती ओरडली. "झाकण धरा, साहेबांची दुसरी यायचीय अजून!"