सर्वजण ठणठणीत

माझा थोरला भाऊ बावीस वर्षं रानातले वणवे विझवायचा. आम्ही शिंप्याच्या घरातले, आगीशी आमचा संबंध इस्त्रीपुरता. हा कुणावर गेला होता, देव जाणे.

बारा जणांच्या टोळीचा तो मुकादम. टोळीत त्याचं नावच ‘ठणठणीत’ पडलं होतं, कारण रोजच्या नोंदवहीत, प्रकृतीच्या रकान्यात, तो एकच वाक्य लिहायचा: सर्वजण ठणठणीत. तेही पहाटे, बाकीचे घोरत असताना, चहाला उकळी येईपर्यंत. एक जरी आजारी लिहिला तरी टोळी अपुरी ठरायची आणि सगळ्यांनाच डोंगरावरून खाली पाठवत. अर्धा वणवा टाकून परतणं म्हणजे त्यांच्यात नाक कापलं जाणं. म्हणून कुणाचा घोटा सुजो, कुणी ओकाऱ्या काढो, वहीत सगळे ठणठणीत. हे तो मला हसत हसत सांगायचा आणि मीही मूर्खासारखा हसायचो.

ज्वाळा विझल्या की त्यांचं खरं काम सुरू होई. गुडघ्यांवर बसून राख उकरायची, हातमोजा काढून पालथा हात मातीला लावायचा आणि धग कुठे उरलीय ते बघायचं. धुळीने नाकतोंड भरून जातं. गेल्या हंगामात त्याच धुळीतून कसलीशी बुरशी दादाच्या फुफ्फुसात शिरली. ताप आला, तो त्याने अंगावर काढला. खोकला तर सगळ्यांनाच होता, धुराचा म्हणून कुणी मनावर घेतला नाही. दोन महिन्यांनी तो माझ्या दुकानात पँट कमरेत आवळून घ्यायला आला. टेप लावली. कंबर चार इंचांनी कमी भरली.

डॉक्टरांनी सांगितलं, मातीतला रोग आहे, गोळ्या वर्षभर, कदाचित जन्मभर. डोंगर कायमचा बंद. कामामुळे जडलेला आजार असं ठरलं, तर औषधपाणी आणि अर्धा पगार सरकार देणार होतं. नाही ठरलं, तर वहिनीने एकटीने सगळं ओढायचं. तिनेच कागद जमवले. सुनावणीला मी सोबत गेलो. मनात म्हटलं, यात नाकारण्यासारखं आहे काय?

अधिकारी बाई शांत होत्या. हंगामातच आजाराची नोंद हवी, असा नियम त्यांनी समजावून सांगितला आणि टोळीची वही उघडली.

“नऊ तारखेपासून ताप होता म्हणता?”

“होता.”

“नऊ तारीख, सर्वजण ठणठणीत. दहा, अकरा, बारा, तेच. हे अक्षर कुणाचं?”

दादाने वही पुढे ओढून पाहिली. “माझं.”

आपलेच दात आपलेच ओठ, बोलणार कुणाला? मला वाटलं, आता हा गप्प बसेल. पण तो ताठ बसला.

“ते खोटं आहे बाई. बावीस वर्षं मी ते कुणाकडे न बघता लिहिलंय.”

मला हायसं वाटलं. खरं बोलला, आता सुटेल. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“मग तुम्ही त्या दिवशी डोंगरावर होतात, हेही याच वहीत आहे. ते तरी मी खरं कशावरून धरू?”

दादाने उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. त्या हाताला केस नाहीत, सगळी चामडी भाजून भाजून चकचकीत झालीय. बाईंनी तो बराच वेळ पाहिला. वाईट त्यांनाही वाटलं असावं. हात पुरावा म्हणून घेता येत नाही, एवढंच म्हणाल्या.

अर्ज फेटाळला गेला. सोबत्यांच्या साक्षी चालल्या नाहीत, कारण वहीत त्याच वाक्याखाली त्यांच्याही सह्या होत्या. पत्र आलं त्या दुपारी दादाने माझ्या दुकानातूनच नव्या मुकादमाला फोन लावला. हा त्याच्याच हाताखाली तयार झालेला गडी. आजपासून ज्याला जे होतंय ते लिही, दादाने त्याला बजावलं.

“आजचं झालं की लिहून,” तो पलीकडून मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. “उद्याचंही लिहून ठेवलंय. तुम्ही शिकवलंत तसंच.”

मग पलीकडे त्या गड्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत दादा फोन कानाला लावून उभा होता.