हणमंतरावांच्या हातचा सर्व्हर

हणमंतरावांना मी पाहण्याआधी ऐकलं. वालचंदनगरच्या कॉलनीत एका गृहस्थांचा संगणक दुरुस्त करून मी चहाची वाट पाहत बसलो होतो. गृहस्थ खूष झाले, आत गेले आणि हळूच फोनवर म्हणाले, "हणमंतराव, दुकानवाल्यानं केलंय बरोबर, पण तुमी एकदा नजर टाका की." माझे कान तिखट, भिंतीपलीकडचंही सुटत नाही. पुढच्या आठवड्यात हणमंतराव माझ्या इंदापूरच्या दुकानात आले आणि म्हणाले, "काम चांगलं केलंय तुमी." मला राग आला. शाबासकी द्यायचा अधिकार यांना कुणी दिला?

तेव्हापासून आजतागायत मला त्यांचा हेवा वाटतो. साठीच्या गौरवग्रंथात असं लिहू नये, असं संपादक मंडळींनी सुचवून पाहिलं. पण हणमंतरावांविषयी जे चांगलं मला ठाऊक आहे, ते या हेव्यामुळंच ठाऊक आहे. त्यांचे चाहते त्यांना नमस्कार करून पुढं जातात. मी मात्र थांबून बघत राहिलो, कुठं चुकतात का ते.

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीपासून सुरुवात करून मी दुकान उभं केलं. तालुक्यात नाव झालं. एकच इच्छा राहिली होती. बारामतीच्या आपल्या शिक्षण संस्थेचा सर्व्हर आपल्या हाती यावा. संस्थेच्या सगळ्या शाखांमधले संगणक त्या एका यंत्राच्या हुकमात चालतात. पेनड्राइव्ह कुणाला लावता येईल, इंटरनेट कुणाला मिळेल, सारं तिथून ठरतं. आणि तिथं हणमंतराव बसलेले.

एकदा संधी चालून आली. संस्थेनं माझ्याकडून नवे संगणक घेतले होते. दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि हणमंतराव उसाला तोड आली म्हणून रजेवर, आपल्या गावी वरकुट्याला. परीक्षेसाठी पेनड्राइव्ह बंद करायचे होते. पण सर्व्हरवर नियमांची खिडकी उघडली की चूक झाल्याची पाटी यायची आणि हवे ते नियम दिसायचेच नाहीत. प्राचार्य मला म्हणाले, "तुमचे संगणक आल्यापासून हे सुरू झालंय. परीक्षा अडली तर सगळे परत न्यायचे." मी खूप झटलो. शेवटी म्हणालो, सर्व्हर पुसून नव्यानं उभारू. ते ऐकून प्रयोगशाळा सांभाळणारे तात्या घाबरले आणि त्यांनी वरकुट्याला फोन लावला.

हणमंतराव मोटारसायकलवर आले, चपलांना रानातली माती तशीच. त्यांनी ती पाटी उघडली आणि मोठ्यानं वाचायला घेतली, शेवटच्या अक्षरापर्यंत. आम्ही सगळे ती पहिल्या ओळीवरच बंद करत होतो. शेवटी नियमांचे नमुने असलेल्या दोन फायलींची नावं होती.

"तात्या, नव्या संगणकांसाठी नियमांचे नवे नमुने टाकले व्हय?"

"टाकले की."

"आन् जुने?"

"हायत की तितंच. नावाफुडं 'जुनं' लिवून ठेवलंय. नवी मोटर आणली तरी जुनी विहिरीवर असू देतोच की आपण."

"आवं तात्या, विहिरीवरची जुनी मोटर गप पडून राहती. हितं त्या फोल्डरातलं सगळं सर्व्हर वाचतो. वरचं नाव बदललं, आतली ओळख तीच राहिली. एका सोसायटीला दोन चेअरमन झाल्यावर सभा कशी चालंल?"

मला हसू आलं, ते मी दाबलं. हणमंतरावांनी जुना नमुना पुसला नाही, दुसरीकडं नेऊन ठेवला. खिडकी पुन्हा उघडली, तर दुसरी चूक. नव्या नमुन्याच्या जोडीची, नियमांची नावं पडद्यावर दाखवणारी भाषेची फाईल आलीच नव्हती. नवे नमुने ज्या संचातून आले होते, त्यातूनच ती आणली आणि खिडकी मुकाट उघडली. मग नियम लावले आणि एका संगणकाला पेनड्राइव्ह जोडून पाहिला. संगणकानं तो नाकारला.

मी व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. आत प्राचार्य विचारत होते, "मग चूक कुणाची?" माझं आणि तात्यांचं दोघांचंही नाव हणमंतरावांच्या जिभेवर यायला हरकत नव्हती.

"फायलींची जुळणी राहिली होती सर, झाली. संगणक चांगले हायत. आन् हे दुकानवाले सकाळपासून उपाशी बसलेत, त्यांना आधी जेवायला सांगा."

त्यांनी मला उणं दाखवलं असतं तर मी आनंदानं शत्रुत्व केलं असतं. तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

आता हणमंतराव निवृत्त होत आहेत. मागच्या महिन्यात प्राचार्यांनी मला बोलावून सर्व्हर सांभाळायला सांगितलं आणि वर म्हणाले, "हणमंतरावांनी तुमचंच नाव सुचवलं." जे मला जिंकून घ्यायचं होतं, ते असं दान मिळालं. मी तडक त्यांच्याकडं गेलो. विचारलं, "मीच का?"

"तुमी माझ्यावर जळता, ठाऊक हाय मला," ते शांतपणे म्हणाले. "माझ्याहून हलकं काम तुमच्या हातनं व्हायचं न्हाय. तुमाला सोसायचंच न्हाय ते."

खरं आहे, सोसणार नाही. म्हणून माझं मागणं थोडं स्वार्थाचं आहे. हणमंतरावांना भरपूर आयुष्य लाभावं, डोळे आणि गुडघे धड राहावेत, आणि मन होईल तेव्हा त्यांनी सर्व्हरच्या खोलीत येऊन माझ्या मागं उभं राहावं. त्यांच्यापेक्षा चांगलं काम मला करून दाखवायचं आहे, आणि ते बघायला खुद्द हणमंतराव नसतील तर माझ्या जिंकण्याला काही अर्थ नाही.